लॉग टेबलचं मळकं पान

महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स केलेल्या माणसाला लॉग टेबल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. (इतरांसाठी: मोठे गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीवर आणणाऱ्या कोष्टकांचं हे पुस्तक.) परीक्षेत कॅल्क्युलेटरला बंदी, लॉग टेबल चालतं. त्यामुळे केमिस्ट्रीच्या पेपरात अर्धा वेळ त्या पातळशा पुस्तकात बोट फिरवण्यात जायचा. आमच्या घरात असं एकच पुस्तक होतं. आधी ताईने वापरलं, मग दादाने, मग मी, आणि शेवटी आत्याच्या मुलाने. चार बाराव्या काढलेलं ते पुस्तक परवा माळ्यावरच्या पेटीत सापडलं.

लॉगची दोन पानं समोरासमोर आहेत. डावीकडे १० ते ५४ च्या ओळी, उजवीकडे ५५ ते ९९ च्या. डावं पान बोटं फिरून फिरून पिवळं पडलंय, कोपरा झिजून जुन्या नोटेसारखा मऊ झालाय. त्यातही वरच्या १० ते १९ च्या ओळींवर पेन्सिलीच्या खुणांची नुसती गर्दी. (तिथे मीन डिफरन्सच्या, म्हणजे चौथ्या अंकासाठी मिळवायच्या आकड्यांच्या, दोन-दोन ओळी असतात आणि जो तो एकदा तरी चुकीची ओळ वाचतो.) उजवं पान त्या मानाने कोरं. तिथे डाग आहेत ते नेमक्या चार-पाच ओळींवर: ६०, ६६, ८३, ९१, ९६. बारावीवाल्यांना कारण लगेच कळेल, हे गणितांत सारखे येणारे स्थिरांक. ॲव्होगॅड्रो ६.०२२, प्लांक ६.६३, वायूचा स्थिरांक ८.३१४, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१, फॅराडे ९६५००. हे मानकरी सोडले तर उजव्या पानाकडे फारसं कुणी फिरकलेलं दिसत नाही.

डावं पान आधी येतं म्हणून जास्त मळलं, अशी मी तेव्हा समजूत करून घेतली होती. ती चूक होती. हाच मळ १८८१ साली एका खगोलशास्त्रज्ञाच्या नजरेला पडला होता आणि त्याने त्यावर दोन पानांचं टिपण लिहून छापलं होतं.

त्याचं नाव सायमन न्यूकम. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात १८३५ चा जन्म, पुढे अमेरिकेत ग्रहांच्या स्थितीची कोष्टकं तयार करणाऱ्या सरकारी कचेरीचा प्रमुख. त्या काळी खगोलशास्त्रज्ञाचा दिवस लॉगमध्येच उगवायचा आणि लॉगमध्येच मावळायचा. त्यांची लॉग टेबलं आपल्यासारखी दोन पानी नसत, चांगली जाडजूड असत. न्यूकमला दिसलं की पुस्तकाची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा फार लवकर झिजतात.

यात एवढं काय, असं वाटेल. पण लॉग टेबल कसं उघडतो ते आठवा. १३७ असो, १३,७०० असो की ०.००१३७ असो, आपण १३ चीच ओळ काढतो. दशांशचिन्ह कुठे आहे ते कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे लॉगचा पूर्णांक भाग, सांभाळतो, ओळ ठरते ती सुरुवातीच्या अंकांवरून. म्हणजे पान किती मळलं, यावरून कळतं की त्या अंकाने सुरू होणाऱ्या संख्या माणसांना किती वेळा भेटल्या. आणि तो मळ सांगत होता की १ ने सुरू होणाऱ्या संख्या फार वेळा भेटतात, ९ ने सुरू होणाऱ्या फार कमी.

साधा हिशेब वेगळंच सांगतो. संख्येच्या सुरुवातीला शून्य सोडून नऊ अंक येऊ शकतात. कुणालाही झुकतं माप नसेल तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभरातले अकरा यावेत. न्यूकमने टिपणात दिलेला हिशेब असा: १ चा वाटा ३०.१ टक्के, २ चा १७.६, ३ चा १२.५, ४ चा ९.७, ५ चा ७.९, ६ चा ६.७, ७ चा ५.८, ८ चा ५.१ आणि बिचाऱ्या ९ चा ४.६. एकट्या १ ला जवळपास तिसरा हिस्सा.

टिपण छापून आलं आणि लोक विसरून गेले. पुढे सत्तावन्न वर्षांनी, १९३८ मध्ये, जनरल इलेक्ट्रिक कंपनीतला फ्रँक बेनफर्ड नावाचा भौतिकशास्त्रज्ञ त्याच मळक्या पानांपाशी आला, न्यूकमचं नावही ठाऊक नसताना. पण हा गडी चिकाटीचा. त्याने निरनिराळ्या वीस ठिकाणांहून २०,२२९ संख्या गोळा केल्या: ३३५ नद्यांची क्षेत्रफळं, अमेरिकेतल्या ३,२५९ गावा-शहरांची लोकसंख्या, भौतिकशास्त्रातले १०४ स्थिरांक, १,८०० रेणुभार, मृत्युदर, बेसबॉलचे आकडे, वर्तमानपत्रात आलेल्या संख्या, एवढंच काय, एका सूचीतल्या शास्त्रज्ञांच्या घरांचे नंबर. नदीचा रेणुभाराशी काय संबंध? काहीच नाही. तरी सगळं एकत्र केल्यावर १ चा वाटा निघाला ३०.६ टक्के. नियमाला नाव मिळालं बेनफर्डचं. न्यूकमच्या नशिबी तळटीप आली.

(इथे एक गंमत. १९७९ मध्ये पर्सी डायकोनिस आणि डेव्हिड फ्रीडमन या संख्याशास्त्रज्ञांनी बेनफर्डचे आकडे पुन्हा तपासले. टक्केवारीचे अपूर्णांक वर-खाली करताना त्याने आपल्याच नियमाच्या बाजूने जरा हात सैल सोडला असावा, असं त्यांना दिसलं. नियम त्याने मोडत नाही, पण आज हिशेबातली लबाडी शोधायला जो नियम वापरतात त्याच्या जनकाबद्दल ही गोष्ट कळल्यावर हसू येतंच.)

हे सगळं वाचून मला राहवेना. हाताशी होती २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची जिल्हावार लोकसंख्या. तेव्हा पालघर ठाण्यातच होता, म्हणून जिल्हे पस्तीस. कागदावर नऊ रकाने आखले आणि खुणा करत गेले. अकोला १८ लाख १३ हजार, खूण १ खाली. अमरावती २८ लाख ८८ हजार, २ खाली. भंडारा १२ लाख, पुन्हा १. गडचिरोली १० लाख ७२ हजार, १. ठाणे तर १ कोटी १० लाख, तोही १ च. जालना, हिंगोली, वाशिम, वर्धा, गोंदिया, नंदुरबार, परभणी, रत्नागिरी, आणि तेव्हाचं उस्मानाबाद, सगळे त्याच रकान्यात. बेरीज अशी आली: १ ने सुरू होणारे १३ जिल्हे, २ ने ९, ३ ने ५, ४ ने ४. पुढे ५ ने एकही नाही, ६ ने एकटं नाशिक, ७ ने एकही नाही, ८ ने सिंधुदुर्ग, आणि ९ ने दोन, पुणे आणि मुंबई उपनगर.

कागद बघून मी हरखलेच होते. पण हा कागद जरा बाजूला ठेवू. त्यात एक मेख आहे, तिच्याकडे परत यायचंय.

आधी हे होतं कशामुळे ते बघू. एक लाखाची ठेव ठेवली, वर्षाला ७.२ टक्के चक्रवाढ व्याज, आणि पासबुकाकडे नुसतं बघत बसायचं. एकाचे दोन लाख व्हायला दहा वर्षं लागतात. ही दहाही वर्षं रक्कम १ नेच सुरू होते: १ लाख ७ हजार, १ लाख १४ हजार, असं करत नवव्या वर्षाअखेर १ लाख ८६ हजारांच्या वर. दोनाचे तीन लाख व्हायला मात्र दहा वर्षं लागत नाहीत, पावणेसहा-सहा वर्षांत होतात, कारण आता दोन लाखांवर व्याज मिळतंय. तीनाचे चार व्हायला चार वर्षं. आठाचे नऊ व्हायला पावणेदोन. आणि नऊ लाखांचे दहा लाख दीड वर्षात. दहा लाख झाले की पहिला अंक पुन्हा १, आणि आता वीस लाख होईपर्यंत परत दहा वर्षं त्याच्याच मुक्कामाला. एकाचे दहा लाख व्हायला लागलेली वर्षं तेहेतीस, त्यातली दहा १ च्या घरात. तेहेतिसात दहा म्हणजे किती टक्के? तीस आणि वर थोडं.

व्याजाचा दर बदला, वर्षं बदलतील, हिस्से बदलणार नाहीत. १ पासून २ वर जायचं तर दुप्पट व्हावं लागतं, ९ पासून १० वर जायला नवव्या हिश्शाएवढी वाढ पुरते. जे जे गुणाकाराने वाढतं किंवा घटतं, ते १ च्या घरात रेंगाळतं आणि ९ च्या घरातून पळत सुटतं.

बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, मग आठ, असं दुप्पट करत चौसष्ट घरं. राजा कंगाल होतो तो भाग सोडा. प्रत्येक घरातल्या संख्येचा फक्त पहिला अंक बघा: १, २, ४, ८, मग १६ चा १, ३२ चा ३, ६४ चा ६, १२८ चा पुन्हा १. चौसष्टपैकी एकोणीस घरांत १ येतो. ७ ने सुरू होणारी संख्या पहिल्यांदा दिसायला सत्तेचाळिसाव्या घरापर्यंत जावं लागतं. ९ ची तर पटावर वाटच बघावी लागते. तो येतो चोपन्नाव्या घरात आणि मग थेट शेवटच्या, चौसष्टाव्या.

एकोणीसच का, हेही पटावरच दिसतं. ५, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारी संख्या दुप्पट केली की एक अंक वाढतो आणि नवी संख्या १ नेच सुरू होते, दुसरा इलाजच नाही. आणि १ ने सुरू होणारी संख्या दुप्पट केली की ती २ किंवा ३ वर जाते, परत १ वर राहत नाही. म्हणजे एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी अशा प्रत्येक लांबीला १ ने सुरू होणारी बरोब्बर एकच संख्या. शेवटच्या घरातली संख्या एकोणीस अंकी आहे.

आता लॉग टेबलकडे या. लॉग म्हणजे गुणाकाराची बेरीज करून देणारी युक्ती. लॉगच्या पट्टीवर दुप्पट होणं हे नेहमी सारख्याच लांबीचं पाऊल असतं, मग १ चे २ होवोत की ५ लाखांचे १० लाख. १ ते १० ही पट्टी एक हात लांब धरली, तर त्यात १ पासून २ पर्यंतचा तुकडा केवढा? बारावीत घोकलेलं आठवतंय? लॉग २ बरोबर ०.३०१०. झोपेतून उठवलं तरी सांगतील असे लोक आहेत. हेच ते ३०.१ टक्के. लॉग ३ बरोबर ०.४७७१, त्यातून ०.३०१० वजा करा, राहतात ०.१७६१, म्हणजे २ चा वाटा. अख्खा बेनफर्डचा नियम त्या पुस्तकात छापलेला होता, आम्ही चौघं त्यावर बोटं फिरवत होतो, आणि आमच्या बोटांनी तो मळाच्या रूपात परत लिहून ठेवला. आमच्या पुस्तकातलं डावं पान ५५ च्या आधी संपतं. लॉग ५.५ काढा: ०.७४०४. स्थिरांकांची ती चार-पाच मानकरी मंडळी सोडली, तर शंभरातली चौऱ्याहत्तर कामं डाव्या पानावर व्हायला हवीत. पानांकडे बघून पटतं.

पण नदीला व्याज लागत नाही, मग नदीचं क्षेत्रफळ हा नियम का पाळतं? याचं फार सुंदर उत्तर १९६१ मध्ये रॉजर पिंकम या गणितज्ञाने दिलं. ते आपल्याकडच्या जमिनीच्या मापात सांगते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, गावात बोलायचं एकरात, भाऊबंदकीत वाटणी करायची गुंठ्यात. जमीन तीच, आकडे तीन. आता समजा, जगातल्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांच्या आकारांमध्ये पहिल्या अंकाचा काही नियम आहे. तो नियम चौरस किलोमीटरमध्ये खरा आणि चौरस मैलात खोटा, असं कसं असेल? मैल इंग्रजांनी ठरवला, किलोमीटर फ्रेंचांनी. नदीला दोन्हींचं सोयरसुतक नाही. म्हणजे नियम असलाच तर माप बदललं तरी टिकणारा हवा.

ही अट दिसते साधी, पण ती बाकी सगळे पर्याय मारून टाकते. सगळे आकडे दुप्पट होतील असं माप घ्या. मघाशी पटावर पाहिलंच, ५ ते ९ ने सुरू होणाऱ्या सगळ्या संख्या दुप्पट झाल्यावर १ ने सुरू होतात, आणि दुसरं कुणी १ वर येत नाही. तेव्हा १ चा वाटा टिकायचा असेल तर तो ५ ते ९ च्या एकत्रित वाट्याएवढाच असायला हवा. नऊ अंकांना सारखे ११-११ टक्के दिले असते तर दुप्पट केल्यावर १ चा वाटा थेट ५५ टक्क्यांवर उडाला असता. आणि न्यूकमचे आकडे? ७.९, ६.७, ५.८, ५.१, ४.६. करा बेरीज. ३०.१ येते. अशी फक्त दुपटीने नाही, तर कोणत्याही पटीने परीक्षा घेतली, तरी पास होणारी वाटणी एकच आहे, आणि ती हीच.

आता तो बाजूला ठेवलेला जिल्ह्यांचा कागद घ्या. हीच दुपटीची परीक्षा त्याला लावली. ५ ते ९ ने सुरू होणारे जिल्हे चारच: नाशिक, सिंधुदुर्ग, पुणे, मुंबई उपनगर. माणसांऐवजी डोळे मोजले असते, म्हणजे प्रत्येक आकडा दुप्पट झाला असता, तर १ च्या रकान्यात हे चारच उरले असते आणि आधीचे तेरा २ आणि ३ मध्ये पांगले असते. तेराचे चार! म्हणजे माझा हरखलेला कागद बेनफर्डच्या नियमाचा नमुना नव्हताच. १ तिथे जिंकला तो वेगळ्याच कारणाने.

कारण शोधायला लांब जायला नको. जिल्हा ही नदीसारखी आपोआप झालेली गोष्ट नाही, मंत्रालयाने आखलेली आहे. फार मोठा झाला की तोडतात; ठाण्यातून पालघर २०१४ मध्ये काढला तसा. त्यामुळे पस्तीसपैकी तब्बल तीस जिल्हे दहा लाख ते पन्नास लाख या एकाच पट्ट्यात बसलेत. त्या पट्ट्यात पहिला अंक १ ते ४ च असणार. नियमाला हवा असतो फैलाव: शंभर माणसांची वाडी, दोन हजारांचं गाव, तीस हजारांचा तालुका-बाजार, काही लाखांचं शहर आणि कोटीच्या वरची मुंबई, असं सगळं एका यादीत. दहापट, शंभरपट, हजारपट अंतरं असली की मगच १ चं खरं राज्य सुरू होतं. नुसता १ पुढे दिसला म्हणून नियम सिद्ध झाला, असं मानणाऱ्यांत मी अर्धा दिवस होते, हे कबूल करते.

जिथे असा फैलाव निसर्गानेच करून ठेवलाय, तिथे नियम फार नेटका बसतो. किरणोत्सर्गी अणूंची अर्धायुष्यं घ्या, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ. काहींचं सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी, काहींचं अब्जावधी वर्षं. १९९३ मध्ये अल्फा कण सोडणाऱ्या अणुकेंद्रांची अर्धायुष्यं तपासली, पहिले अंक न्यूकमच्या कोष्टकाप्रमाणे निघाले. सेकंदात मोजा की वर्षांत, फरक पडत नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या भूशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अशा बऱ्याच नैसर्गिक मोजमापांची यादीच तपासली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटण्यामधली अंतरं, भूकंपांची खोली, असं काय काय. त्यातला मला आवडलेला भाग वेगळा. भूकंपमापकाच्या नोंदीत शांत काळी जमिनीची नुसती बारीक थरथर असते, फैलाव नसतो, नियमही नसतो. भूकंपाच्या लाटा पोचल्या की नोंदी एकदम लहानापासून मोठ्यापर्यंत पसरतात आणि पहिले अंक नियमाच्या रांगेत येऊन उभे राहतात. म्हणजे फक्त पहिले अंक बघून सांगता येतं की भूकंप आला.

वर्तमानपत्रातल्या आकड्यांचं काय? तिथे ना चक्रवाढ, ना किरणोत्सर्ग. एका बातमीत पावसाचे मिलिमीटर, दुसरीत कांद्याचा भाव, तिसरीत धरणाचे टीएमसी. हे कोडं सुटायला १९९५ उजाडलं. टेड हिल या अमेरिकन गणितज्ञाने सिद्ध केलं की निरनिराळ्या जातीच्या आकड्यांच्या ढिगांमधून थोडं थोडं उचलून एकत्र केलं, तर मिश्रण बेनफर्डच्या नियमाकडे जातं, मग मूळचे ढीग तो नियम पाळोत की न पाळोत. भेळेसारखंच. नुसती चिंचेची चटणी, नुसता कांदा, नुसते कुरमुरे, कशाचीच चव भेळेची नाही. बेनफर्डच्या वीस याद्यांतही सुट्या याद्या बऱ्याच इकडेतिकडे होत्या. एकत्र केल्यावर जमलं.

नियम कुठे चालत नाही हे जास्त पक्कं लक्षात ठेवायला हवं, कारण लोक इथेच घसरतात. माणसांची उंची सेंटिमीटरमध्ये घेतली तर जवळपास सगळे मोठे १ ने सुरू होतात, फुटांत घेतली तर बहुतेक ५ ने. माप बदललं की चित्र बदललं, म्हणजे नियम नाही. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ नेच सुरू होतात. महाराष्ट्र-गोव्यातला प्रत्येक पिनकोड ४ ने सुरू होतो. त्यात निसर्गाचं गूढ नाही, टपाल खात्याने तसं ठरवलंय. लॉटरीचे नंबर, परीक्षेतले मार्क, दुकानातले १९९ आणि ४९९ चे भाव, सगळं बाद.

मग हिशेबनीसांना यात रस का? कारण माणूस खोटे आकडे रचायला बसला की त्याला सगळ्या अंकांना सारखा न्याय द्यावासा वाटतो. १ वारंवार आला तर संशय येईल असं वाटतं, आणि नेमका तिथेच तो सापडतो. मार्क निग्रीनी या लेखाशास्त्राच्या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात ही तपासणी लेखापरीक्षणात आणली. त्या काळातलं गाजलेलं प्रकरण ॲरिझोना राज्याच्या कोषागारातलं, १९९३ सालचं. तिथल्या एका व्यवस्थापकाने खोटे तेवीस चेक काढले, एकूण जवळपास १९ लाख डॉलरचे. एक लाख डॉलरच्या वरच्या चेककडे जास्त लक्ष जातं म्हणून बहुतेक रकमा लाखाच्या जरा खाली ठेवल्या. परिणाम असा की नव्वद टक्क्यांहून जास्त चेकचे पहिले अंक ७, ८ किंवा ९. नव्या संगणक यंत्रणेत सुरक्षितता नाही हेच मला दाखवून द्यायचं होतं, असा बचाव त्याने केला. शिक्षा झाली. २०११ मध्ये काही जर्मन अभ्यासकांनी युरोपीय संघातल्या देशांनी दिलेल्या आर्थिक आकडेवारीवर हीच चाळणी लावली. नियमापासून सगळ्यात दूर गेलेला देश निघाला ग्रीस, ज्याच्या तुटीच्या आकड्यांचा घोळ त्याआधीच चव्हाट्यावर आला होता.

पण ही चाळणी आहे, निकाल नाही. ज्या कचेरीत पाच हजारांच्या वरच्या खर्चाला साहेबांची सही लागते, तिथे ४ ने सुरू होणारी बिलं भरपूर निघणार. त्यात लबाडी असेल, किंवा नुसता सहीचा कंटाळा असेल. फाइल उघडून बघावीच लागते. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीनंतर शिकागोतल्या मतांचे पहिले अंक दाखवून घोटाळ्याची आवई उठली. तिथली मतदान केंद्रं काही शे मतदारांची, साधारण एकाच आकाराची. सहाशे मतांच्या केंद्रात कुणाला सत्तर टक्के मिळाली तर ४२० होतात, पहिला अंक ४. शेजारच्या केंद्रातही तेच. १ येणार कुठून? माझ्या जिल्ह्यांच्या कागदासारखीच गोष्ट, फक्त उलट्या बाजूने. आपल्याकडेही केंद्रं अशीच बेताच्या आकाराची ठेवतात, तेव्हा पुढच्या निवडणुकीत व्हॉट्सॲपवर असा आलेख आला तर पुढे पाठवण्याआधी हे आठवा.

बरं, या १ मध्ये स्वतःचं असं काही आहे का? आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून त्याचा वाटा ३०.१ टक्के. संगणकवाले सोळाच्या पटीत लिहितात, तिथे त्याचा वाटा बरोबर २५ टक्के होतो. आणि संगणक स्वतः आतमध्ये फक्त ० आणि १ वापरतो. तिथे शून्य सोडून प्रत्येक संख्या १ नेच सुरू होते. शंभर टक्के! दुसरा उमेदवारच नाही. टक्का आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. निसर्गाचं त्यात आहे ते एवढंच की त्याच्या बऱ्याचशा गोष्टी बेरजेने सरकत नाहीत, पटीने वाढतात आणि पटीने घटतात. आपण मात्र एक, दोन, तीन असं सारख्या पावलांनी मोजतो.

न्यूकमने १८८१ मध्ये हे याहून थोडक्यात लिहिलं होतं: संख्यांच्या लॉगचे मॅन्टिसा (दशांशचिन्हानंतरचे भाग) सगळे सारख्याच शक्यतेचे असतात. म्हणजे संख्या १ कडे झुकलेल्या असल्या तरी त्यांचे लॉग ०.०० ते ०.९९ वर सारखे पसरतात. यातून आणखी एक गोष्ट निघते. अँटिलॉगच्या टेबलात, म्हणजे लॉगवरून मूळ संख्या काढायच्या कोष्टकात, आपण मॅन्टिसा घेऊन शिरतो. तेव्हा लॉगची पानं कशीही मळोत, अँटिलॉगची पानं सारखी मळायला हवीत.

पुस्तक अजून टेबलावरच होतं. उलटवून पाहिलं. अँटिलॉगचीही दोन पानं आहेत, डावीकडे .०० ते .४९, उजवीकडे .५० ते .९९. दोन्ही पिवळी, दोन्ही कोपरे सारखेच मऊ. डाव्या पानावर चहाचा एक गोल डाग तेवढा जास्त आहे. तो माझ्या कपाचा आहे, असं ताईचं म्हणणं.